बिनबैलाची दमणी

मेहकरकडून येणाऱ्या एसटीत त्या सकाळी एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या शेजारी बॅटरी होती. बॅटरी एका माणसाच्या मांडीवर होती. खरं सांगायचं तर माणसाकडे मी नंतर पाहिलं, आधी बॅटरीच पाहिली. सहा व्होल्टची, काळी, वर तीन बुचं. त्यातलं मधलं सैल होतं.

सैल बूच, कठडा नसलेली विहीर, चुलीजवळ लोंबणारा पदर... अशा गोष्टी मला लांबूनच दिसतात. आई म्हणते, “ही पोट्टी सुखानं बसतच नाई. बसली तरी मनात उभीच राह्यते.”

“मधलं बूच सैल आहे,” मी म्हणाले.

त्या माणसानं आधी आपल्या सदऱ्याच्या गुंड्या चाचपल्या.

“बॅटरीचं.”

“तिले हवा लागते, बाई.”

“हवा बॅटरी भरताना लागते. एसटीत नाही लागत.”

तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर ग्रीसचा एक पट्टा, आणि त्याखाली दोन डोळे... आताच कुणीतरी आपली चोरी पकडली आहे आणि त्याचा आपल्याला आनंदच झाला आहे, असे काहीतरी डोळे. तो बूच घट्ट करायला खाली वाकला आणि नेमकी गाडी नाल्यावरच्या खड्ड्यात गेली.

ॲसिडचे शिंतोडे माझ्या पदरावर, त्याच्या पायजम्यावर आणि बाकावर उडाले. मी काही विचार केला नाही. पिशवीत आठवीच्या मुलांना दाखवायला पापडखाराची पुडी होती. दुसरबीडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत एक थर्मामीटर आणि बरणीतला एक बेडूक एवढंच होतं. पुडी फोडली आणि सगळीकडे पापडखार टाकला. फसफस फसफस करत फेस वर आला. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं दोन्ही पाय वर घेतले. मागून कुणीतरी “आवो बाप्पा, गाडी पेटली” म्हणालं आणि निम्मी गाडी उभी राहिली.

“काही होत नाही,” मी म्हणाले. “ॲसिड मरतंय.”

“मले वाटलं तुमी पापडं करायले चालल्या,” तो हळूच म्हणाला.

कंडक्टर निवृत्ती गर्दीतून वाट काढत आला. त्यानं फेस पाहिला, माझा पदर पाहिला, त्याचा गुडघा पाहिला. मग शांतपणे कानामागची पेन्सिल काढून म्हणाला, “इंद्रभान, उद्यापासून बॅटरी माह्या गाडीत चढनार नाई. आन मास्तरीनबाई, पापडखारबी.”

अशी आमची ओळख झाली. घरी येऊन पदर धुतला, तर त्याला बारीक बारीक पाच भोकं पडली. ते लुगडं मी टाकलं नाही. का टाकलं नाही, असं आईनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, फडक्याला होईल.

निवृत्तीनं ही बंदी घातली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

इंद्रभानचं दुकान म्हणजे दुसरबीडच्या पिठाच्या गिरणीतला एक कोपरा होता. गिरणीच्या इंजिनाच्या पट्ट्यावर त्यानं डायनामो जोडला होता. एकीकडे ज्वारी दळायची, दुसरीकडे बॅटऱ्या भरायच्या. आसपासच्या सहा-सात गावांत तेव्हा वीज नव्हती. रेडिओ मात्र होते, आणि त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या त्याच्याकडे यायच्या. आमच्या बीबीच्या ग्रामपंचायतीचा रेडिओ आमच्याच ओट्यावर असायचा. माझे वडील, वामनराव, सरपंच होते आणि पंचायतीची खोली गळत होती. संध्याकाळी सारं गाव ओट्याखाली येऊन बसायचं. बॅटरी आठ दिवस चालायची. नवव्या दिवशी इंद्रभान एसटीनं येऊन न्यायचा आणि भरून आणून द्यायचा. मी शाळेत असायची, म्हणून कधी दिसला नव्हता.

आता एसटी बंद. मग तो बापाची दमणी घेऊन निघाला. तांब्या आणि पवळ्या अशी दोन खोंड जुंपलेली ती हलकी दमणी उन्हं कलताना आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी नुकतीच शाळेतून परत आले होते.

“नमस्कार काका,” तो वडिलांना म्हणाला. माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाई, बूच घट्ट हाय.”

आमच्याकडे कुठल्याही परक्या पुरुषाला भाऊ म्हणायची रीत आहे. दूधवाला अर्जुनभाऊ, न्हावी कचरूभाऊ. इंद्रभान तर लांबच्या नात्यातला, आमच्यातलाच. पण माझ्या तोंडून ‘इंद्रभानभाऊ’ काही निघेना. मी नुसतंच “अहो, ते...” किंवा “बॅटरीवाले आलेत” म्हणायची. आईच्या लक्षात हे पहिल्याच आठवड्यात आलं. वडिलांच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

तिसऱ्या खेपेला दमणीच्या खाली काहीतरी लटकत होतं. जुन्या ट्रकचा डायनामो, आणि उसाच्या चरकाची दोन दातेरी चाकं.

“चाक तं फिरतेच,” तो म्हणाला. “फुकट. मंग बॅटरी वाटंतच भरून घेतो.”

मी खाली उतरले आणि दमणीभोवती एक चक्कर मारली. “बैल काय म्हणाले?”

“बैल काय म्हनतीन?”

“तांब्याच्या तोंडाला फेस आहे. परवा नव्हता. तुमची फुकटची वीज त्याच्या मानेतून निघतेय.”

तो तांब्याकडे पाहत राहिला. मग खजील होऊन त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं त्याचं तोंड पुसलं. मला तो त्या क्षणी... असो. मी घरातून पाटी आणली. पाटीवर एक चढ काढला, एक उतार काढला.

“चढावर हे जोडायचंच नाही. उतारावर जोडा. उतारावर दमणी बैलांच्या अंगावर येते ना? त्यांना मागं रेटून धरावी लागते. ते रेटणं डायनामोला करू द्या. बॅटरी भरेल आणि बैलांची मानही वाचेल. आणि मग तीच वीज पुढच्या चढाला...”

मी थांबले. डायनामो फिरवला तर वीज देतो आणि वीज दिली तर स्वतः फिरतो, हे कॉलेजात अमरावतीला शिकले होते. पण ते असं चिखलातल्या दमणीखाली वाकून कुणाला सांगेन, असं वाटलं नव्हतं.

“...पुढच्या चढाले त्यालेच परत पाजायची,” त्यानं माझं वाक्य पुरं केलं. त्याचं बोट पाटीवरच्या चढावर होतं आणि माझं उतारावर. मध्ये चार अंगुळं पाटी होती.

“मंग चार बॅटऱ्या ठेवतो,” तो म्हणाला.

“दोन. चार ठेवल्या तर दमणीत आणखी एक माणूस बसल्यासारखा. चढावर तो उतरणारही नाही आणि हात लावणारही नाही.”

“आमच्या घरी हाय असा एक. काका हाय माह्या.”

मी हसले. घरातून आईचा आवाज आला, “कोकिळा, पाटी घेऊन ये. आन हसू बी.”

मग त्या श्रावणात इंद्रभान आठ दिवसांऐवजी सहा दिवसांनी यायला लागला. मग चार दिवसांनी. बॅटरीच टिकत नव्हती, तो बिचारा काय करणार.

आता सांगायला हरकत नाही. बॅटरी मी संपवत होते. सकाळी शाळेला निघताना रेडिओ चालू करायची, आवाज पार शून्यावर आणायची आणि वर भरतकामाचा रुमाल झाकायची. दिवसभर रेडिओ मुक्यानं बोलत राहायचा आणि बॅटरी रिकामी होत जायची. एसटीत बसल्यावर मनात यायचं... रेडिओ तापला तर, रुमाल पेटला तर, आई एकटीच घरी. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. आठाचे सहा दिवस माझ्या अंदाजाप्रमाणे झाले होते. सहाचे चार कसे झाले, ते मला कळेना. पण पापाचा हिशेब कोण नीट तपासतो.

चार दिवसांनी दमणी यायची. कधी झिमझिम पाऊस असायचा आणि तो डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन उभा असायचा. उतारावर किती भरली, चढावर किती लागली, हे तो मला सांगायचा आणि मी पाटीवर लिहायची.

“आज राजेगावच्या चढावर बैल नुसते चालले, बाई. ओढलं नाई. पवळ्यानं दोनदा मागं वळून पाह्यलं, का बाप्पा कोन ढकलून राह्यलं.”

“आणि तुम्ही?”

“म्या बी पाह्यलं मागं.”

“तुम्ही का?”

“बीबी मागं राह्यली होती ना.”

अशा वेळी मी खाली वाकून बुचं तपासायची. तिन्ही घट्ट असायची. तरी तपासायची.

मग ते नाटक आलं.

रेडिओवर तीन आठवड्यांचं एक नाटक लागलं होतं. एका पाटलाच्या घरातली मोत्यांची नथ चोरीला जाते, आणि घरातल्या पाच माणसांवर संशय असतो. सारं बीबी त्या नथीपायी वेडं झालं होतं. शेवटच्या भागाला ओट्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, वडील मध्ये बाजेवर. रेडिओतला फौजदार खाकरला आणि म्हणाला, “मंडळी, चोर या खोलीतच आहे. त्याचं नाव...”

बॅटरी संपली.

आधी सगळ्यांना वाटलं, फौजदार थांबलाय. मग अर्जुनभाऊ म्हणाले, “बोल ना बे.” मग वडिलांनी रेडिओवर एक थाप मारली. दुसरी मारली. चोराचं नाव काही बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी इंद्रभानला बोलावून घेतलं. रविवार होता, मी घरी होते. दाराआड उभी होते आणि पदराच्या एका भोकात बोट घालून फिरवत होते.

“भरत नाईस तू बॅटरी,” वडील म्हणाले. “आठ दिवसाची बॅटरी चार दिवसात मरते. काय भरतं तिच्यात, हवा?”

इंद्रभान खाली मान घालून उभा होता. काहीच बोलला नाही. मला वाटलं, याला कळलंय. हिनं संपवली हे याला कळलंय, आणि हा माझ्यासाठी गप्प बसलाय. माझे डोळे भरून आले. पुढं होऊन खरं सांगावं, असं दहा वेळा मनात आलं. दहाही वेळा पाय उंबऱ्यातच राहिले.

“पोळ्यानंतर बॅटरी मेहकरवाल्याले देतो,” वडील म्हणाले. “तू येऊ नको. आन हे पाय, पोळ्यानंतरच्या गुरुवारी धामणगाव बढ्याचे रंगराव येऊन राह्यले आमच्या कोकिळेले पाहाले. पोरगा तहसिलीत कारकून हाय. घरात गडबड राहीन.”

इंद्रभाननं मान वर केली. “मामा,” तो म्हणाला.

इतके दिवस तो वडिलांना काका म्हणत होता. काकाची मुलगी बहीण लागते. मामाची लागत नाही. आईनं आत भाकरी थापता थापता हात थांबवला. वडिलांना कळायला जरा वेळ लागला, पण कळलं.

“कोनाचा मामा?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच... म्हंजे माह्या. रंगरावाच्या आधी माह्यी माय बोलायले येऊ द्या. एवढंच म्हनतो.”

“आन तुह्या कोन्त्या भरवशावर देऊ पोरगी? बापाची चांगली शेती सोडून गिरनीच्या कोपऱ्यात बसतं. जे बॅटरी एका चोराचं नाव सांगेपर्यंत टिकत नाई, तिच्या भरवशावर?”

“दमनी चालते मामा, बॅटरीवर.”

“बैल ओढतात म्हनून चालते.” वडील बाजेवरून उठले. “असं कर. पोळ्याले बैलायच्या मानंवर कोनी जू ठेवत नाई. त्या दिवशी फाट्यापासून माह्या दारापर्यंत दमनी आन. बैल नाई. मानूस बी नाई लावायचा ओढाले का ढकलाले. आली दारात, तं तुह्या मायशी बोलतो. नाई आली, तं गुरुवार हायेच.”

फाट्यापासून आमचं दार सहाशे पावलं. पाचशे सपाट आणि शेवटची शंभर चढाची. मी ती तीन वेळा चालून मोजली. एकदा शाळेत जाताना, एकदा येताना, आणि एकदा उगाच. दमणीचं वजन, दोन बॅटऱ्यांचं वजन, इंद्रभानचं वजन. हे शेवटचं मी निवृत्तीमार्फत मागवलं, आणि निवृत्तीनं ते गिरणीतल्या काट्यावर त्याला उभा करून आणलं. चिठ्ठी देताना म्हणाला, “बॅटरी चढू देनार नाई म्हनलं होतं. चिठ्ठी चढू देतो.”

हिशेब जमला. सहाशे पावलं जाऊन वर दीडशे पावलांची वीज उरत होती. मी तो चार वेळा तपासला. एक बॅटरी इंद्रभानची होती. दुसरी आमच्याच पंचायतीची, कारण बाकी गावांना पोळ्याला आपापला रेडिओ हवा होता आणि आमचा वडिलांनी रागानं बंद ठेवला होता. इंद्रभाननं तिला दोन दिवस गिरणीवर ठेवून काठोकाठ भरलं. तसा निरोप आला. माझ्या मनाला बरं वाटलं... जवळजवळ.

पोळ्याच्या दुपारी आभाळ भरून होतं आणि मधूनच भुरभुर येत होती. गावातले सगळे बैल धुऊन, शिंगं रंगवून, पाठीवर झुली घालून मारुतीपुढच्या तोरणाखाली उभे होते. पण माणसांची तोंडं तोरणाकडे नव्हती, फाट्याकडे होती. मी ओट्यावर होते, हातात वडिलांचं घड्याळ आणि कमरेला पापडखाराची पुडी.

आदल्या दिवशी बैलांनीच फाट्यावर आणून सोडलेली दमणी हलली. दोन्ही दांड्या नुसत्याच पुढं आलेल्या, खाली टेकूला सायकलचं एक चाक, मधे बैल नाहीत. बघवत नव्हतं, आणि डोळाही काढवत नव्हता. कचरूभाऊंनी हात जोडले. दमणी हळूहळू पुढं आली आणि तेव्हा मला दिसलं, की आत इंद्रभानच्या मागं कुणीतरी बसलंय. हिरवं लुगडं, मांडीवर टोपली.

ती त्याची आई होती, अन्नपूर्णाबाई. चांगल्या भरल्या अंगाच्या. एसटीनं फाट्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, सोयरिकीचं बोलायले काय पायी जाऊ? आणि बसल्या.

माझ्या हिशेबात अन्नपूर्णाबाई नव्हत्या.

मी परत बेरीज केली. तरीही पुरायला हवी होती. तेवढ्यासाठीच तर दीडशे पावलं जास्तीची होती. पाचशे पावलं दमणी ठरल्यासारखी आली. चढ लागला. वीस, चाळीस, साठ... सत्तराव्या पावलाला चाकांचा आवाज बदलला. दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा झाला. मग थांबला.

इंद्रभाननं चपळाईनं उडी मारून चाकाखाली दगड लावला. आमच्या दारापासून तीस पावलांवर दमणी उभी राहिली. नुसता बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज.

वडील बाजेवर बसूनच म्हणाले, “झालं?”

मी कधी उतरले आणि कधी दमणीजवळ पोचले, मला आठवत नाही. बुचं पाहिली. घट्ट होती. त्याच्याकडे काचेची एक नळी असे, दुधात पाणी किती ते पाहतात तशी. ती घेऊन मी बॅटरीतलं ॲसिड पाहिलं. त्याची बॅटरी ठीक होती. आमची तळाला गेली होती. मी बुचाच्या भोकातून आत डोकावले. आतल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरी पुटं धरली होती. वारंवार पार रिकामी केली, की बॅटरीत अशी पुटं धरतात आणि मग ती कितीही भरा, तिच्यात मावतच नाही.

“माझं चुकलं,” मी म्हणाले.

“माह्यं चुकलं,” तो म्हणाला.

आम्ही दोघं एकदमच बोललो, आणि एकदमच थांबलो.

“तुमचं काय चुकलं?” मी विचारलं.

तो चाकाकडे पाहू लागला. “म्या तुमची बॅटरी अर्धीच भरत होतो. लवकर संपावी म्हनून. म्हंजे लवकर यायले भेटीन... या दोन दिवसात तेवढी पुरी भरली.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. “मग त्या दिवशी बाबांपुढं गप्प बसलात, ते?”

“खरंच चोर होतो. काय बोलू?”

दोन आठवडे मी या माणसाच्या मोठेपणावर उशीला डोकं लावून रडले होते. मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना.

“मी रेडिओ चालू ठेवून शाळेत जात होते,” मी म्हणाले. “आवाज बंद करून. लवकर संपावी म्हणून.”

“कधीपासून?”

“तिसऱ्या खेपेपासून.”

त्याचं तोंड उजळलं. “म्या दुसऱ्या खेपेपासून. म्या एक खेप पुढं हाय, बाई.”

आम्ही हळू बोलत होतो. पण पोळ्याला जमलेलं गाव आणि गप्प बसलेलं गाव. टोपली सांभाळत वर बसलेल्या अन्नपूर्णाबाईंनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांचा आवाज काही हळू नव्हता. “आवो वामनराव,” त्या वरूनच म्हणाल्या, “माह्या पोरगा अर्धी भरून राह्यला होता आन तुमची पोरगी बाकीची सांडून राह्यली होती. बॅटरी काय करीन बिचारी?”

गावात एक हसण्याची लाट गेली. वडील बाजेवरून उठले. मला वाटलं, आता संपलं. “कोकिळा,” ते म्हणाले, “म्हंजे त्या चोराचं नाव... तुह्यापायी?”

“एकटीले काऊन बोलता?” आई दारात आली होती. “मले ठाऊक होतं. रुमालाखाली रेडिओ गरम लागे रोज. पोट्टीनं चालू ठेवलेलाच असे, म्या नुसता आवाज वाढवे. दुपारचे बायकायचे गाने लागतात.”

वडील आईकडे पाहत राहिले. सरपंचाच्या घरात सरपंचच तेवढे प्रामाणिक निघाले होते, आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही.

“ते काईबी असो,” ते म्हणाले. “दमनी दारात नाई.”

तेव्हा मला आठवलं. दमलेली बॅटरी तशीच ओढत राहिलं तर मरते. पण तारा सोडून तिला जरा निवांत ठेवली, की तिच्यात थोडा जीव परत येतो. फार नाही... तीस पावलांपुरता येईल का, ते सांगता येत नव्हतं.

“तारा सोडा,” मी म्हणाले. “अर्धा तास हिला कुणी हात लावायचा नाही.”

“मानूस लावायचा नाई म्हनलं म्या,” वडील म्हणाले. “वेळ लावायचा नाई, असं नाई म्हनलो. करा काय करायचं ते.”

“आज तिचाबी पोळाच हाय बाप्पा,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. दमणी हायसं वाटल्यासारखी दोन बोटं वर आली. त्यांनी टोपलीतली पुरणपोळी काढून एक तुकडा चाकापुढं ठेवला. मग अर्जुनभाऊंनी आपल्या बैलाची जादा झूल आणून बॅटऱ्यांवर घातली, भिजू नयेत म्हणून. कचरूभाऊंनी मोकळ्या दांड्यांच्या टोकांना दोन गोंडे बांधले. कुणीतरी ढोलकीवाल्याला इकडेच बोलावलं. पाहता पाहता निम्मं तोरण आमच्या चढावर आलं.

भुरभुर वाढली. इंद्रभाननं गोणपाटाची खोळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः भिजत उभा राहिला.

“दोघांना पुरेल,” मी म्हणाले.

“गाव पाहून राह्यलं.”

“गावानं सगळं ऐकलंय. आता पाहून काय राहिलंय?”

तो आत आला. गोणपाटाला ज्वारीच्या पिठाचा वास होता.

“नाई चढली तं?” त्यानं विचारलं.

मला धामणगाव बढे दिसलं, तहसिलीतला एक कारकून दिसला, आणि दर चार दिवसांनी न येणारी एक दमणी दिसली. “असं बोलू नका,” मी म्हणाले. “मी आधीच सगळ्या वाईट गोष्टी मोजून ठेवल्यात.”

“चांगली एखादी मोजली का?”

“एक मोजली.”

“कोन्ती?”

मी घड्याळ पाहिलं. अजून अकरा मिनिटं होती. सांगितलं नाही.

अर्ध्या तासानं त्यानं तारा जोडल्या. अन्नपूर्णाबाईंना कुणी वर बसू दिलं नाही. दगड काढला. चाक जागचं हललं... नुसतं हललं, आणि मग फिरलं. आमची लेक आता रांगायला लागली आहे. बाजेपासून दारापर्यंत ती ज्या वेगानं जाते, थांबत, मागं पाहत, परत पुढं, त्या वेगानं दमणी चढली. ढोलकी थांबली होती. दहा पावलं. वीस. अठ्ठावीस. बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. दारापासून दोन हात अंतरावर चाक एकदा करकरलं आणि थांबलं. या वेळी अगदीच थांबलं.

“दारात नाई आली,” वडील म्हणाले. पण त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात आरतीचं ताट होतं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. ती वडिलांच्या पुढून ओट्याच्या पायऱ्या उतरली, दमणीपाशी गेली, आणि दरवर्षी बैलांच्या पायांवर घालते तसं तिनं चाकांवर पाणी घातलं.

“मनकर्णे, काय करतं?”

“बैल कधी उंबऱ्यात येते काय?” आई म्हणाली. “पोळ्याले आपनच खाली उतरतो पूजेले. लगन होऊन आली तेव्हापासून उतरून राह्यली म्या.” आणि तिनं दमणीच्या दांडीला कुंकू लावलं.

वडील एक पायरी उतरले. मग दुसरी. दमणीला हात न लावता तिच्याभोवती एक चक्कर मारली, अगदी मी पहिल्यांदा मारली होती तशी. आणि इंद्रभानपुढं थांबले.

“तुमच्या दुसरबीडले ते नाटक पुरं ऐकू आलं असंन,” ते म्हणाले.

“हाव मामा.”

“चोर कोन होता रे?”

सारं गाव पुढं सरकलं. बैलांचे मालकसुद्धा बैल सोडून आले. इंद्रभाननं एकदा माझ्याकडे पाहिलं.

“सांगतो मामा. पन आधी सुपारी फुटू द्या.”

सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. अन्नपूर्णाबाईंनी ती टोपलीत पुरणपोळ्यांखाली ठेवून आणलीच होती. रंगरावांकडे सकाळच्या एसटीनं निवृत्तीच्या हाती निरोप गेला.

गूळ वाटून झाल्यावर वडिलांनी इंद्रभानला जवळ बसवलं. “आता बोल.”

“कारकून,” इंद्रभान म्हणाला. “पाटलाचा कारकून होता चोर.”

वडिलांनी मांडीवर थाप मारली. “मले वाटलंच होतं. कारकुनाचं कायी खरं नसते.”

मी पाण्याचा गडवा द्यायला वाकले आणि हळूच विचारलं, “खरंच कारकून होता?”

“मले काय ठाऊक,” तो तितक्याच हळू म्हणाला. “त्या संध्याकाळी आमच्या रेडिओची बॅटरी नव्हती. म्या ती तुमच्या पाटीवरचा हिशेब पाहाले दमनीले लावली होती.”

“आता तरी पूर्ण भराल ना बॅटरी?”

“आता भेटाले कुठं जायचं नाई,” इंद्रभान म्हणाला. “आता भरतो.”